खटका

सातवा नमुना अगदी बरोबर निघाला.
म्हणजे मोजमापात बरोबर.
खोबण खुंटीपेक्षा अरुंद, पण किती,
तर केस उभा चिरावा आणि त्यातलाही अर्धाच घ्यावा, इतकी.
यंत्राने दहा हजार वेळा जोडला, दहा हजार वेळा सोडला.
ना सैल पडला, ना कुरकुरला.
मारीन्या ग्रांदच्या आमच्या शेडमध्ये
लेओनेलने सगळ्यांना स्वतःच्या पैशाने कॉफी पाजली.
मालक म्हणाले, झुल्मिरा, आता पोलाद कापू.

मी म्हटलं, थांबा. खुंटी हलवून बळकट करू.

शनिवारी शाळेतली अकरा मुलं आली.
त्यांनी तुकडे जोडले
आणि दाबतच राहिली.
बसलेला तुकडा दाबत राहिली,
गुडघ्याखाली घेऊन, टेबलाच्या कडेवर ठोकून.
इरियाला तर पुढचे दोन दात नव्हते,
तिने तो दाढेखाली धरला.
अगं, बसलाय तो, मी म्हणाले.
तिने तोंडातून काढला, फ्रॉकला पुसला,
माझ्याकडे पाहिलं.
मग बोलला का नाही?

घरी आले ती परत आलेल्या मालाची पेटी घेऊनच.
तेरा वर्षांचे तुकडे, दातांचे व्रण असलेले,
लाल, पिवळे, एक हिरवा तर पार चघळलेला.
हे व्रण मी आजवर एकाच तऱ्हेने वाचले होते:
घट्ट आहे, मुलांना सुटत नाही.
म्हणून सहा वेळा सैल केला.
सहा वेळा.
सुटत नाही म्हणून नव्हे,
बसला की नाही कळेना म्हणून चावत होती ती.

सोमवारी एर्मीनियोकडे गेले.
चौतीस वर्षं साचे घासतोय हा माणूस,
दात कोरायच्या काडीला कापूस, कापसाला हिऱ्याची भुकटी,
आणि प्रेसच्या धडधडीत दोन्ही कान गेलेले.
मी कागदावर लिहिलं: खोबणीत एक पायरी ठेव. घासू नकोस.
त्याने कागद उलटा करून पाहिला,
मागे काही खुलासा असेल म्हणून.
मग बोलला, जोरात, बहिरे बोलतात तसा,
खरखर ठेवू? मी?
दोन दिवस माझ्याशी नीट वागला नाही.

तिसऱ्या दिवशी बाकावर आठवा नमुना होता.
पायरी मुंगीच्या पावलाएवढी.
पण त्याने ती मी दाखवली तिथे ठेवलीच नव्हती,
पार तळाशी नेली होती.
वर ठेवलीस तर कानाला कळेल, तो म्हणाला,
खाली ठेवली की अंगठ्याला.
माझा अंगठा धरून त्याने तुकड्यावर टेकवला, दाबला.
आत काहीतरी पडलं,
कुलपात किल्ली फिरते ना, तिचं पिल्लू असावं तसं.
आवाजही आला, पण आधी बोटाला कळलं.
तो डोळे मिटून बसला होता. जोडत, सोडत, जोडत.
त्याच्यापुरता तो तुकडा
पहिल्यापासून मोठ्याने बोलत होता.

इरियाने या खेपेला काहीच विचारलं नाही.
तुकडा बसवला, वर न बघता दुसरा घेतला,
मग तिसरा. मग म्हणाली, चाकं कुठेत?

नाताळानंतर पहिली तक्रार आली,
लैरीयाच्या एका वडिलांची, निळ्या शाईत:
मुलगा रात्री अकरा वाजता पांघरुणात खटखट करतो,
भिंतीपलीकडे ऐकू येतं,
हा आवाज कमी करता येईल का.
लेओनेल पत्र फायलीत लावायला गेला
तर जागेवर नव्हतं.
मला ठाऊक आहे ते कुठे आहे.
एर्मीनियोच्या पाकिटात,
नातवाच्या फोटोमागे, चार घड्या घातलेलं.